ऊब साठवताना

उष्णता मला आयुष्यभर फुकट मिळाली. भिलाईच्या कोक ओव्हनमध्ये ज्याच्या नोकरीची सगळी वर्षं गेली, त्याला ऊब ही कमवायची, जपायची, पुरवून पुरवून वापरायची चीज आहे हे कळायला वावच नसतो. तिथं दगडी कोळसा हवाबंद कोठड्यांत हजार-अकराशे अंश सेल्सिअसला सोळा-अठरा तास भाजतात. बॅटरीच्या माथ्यावर ड्यूटी असली की पायांखाली लाकडी तळ लागतात, कारण साधा तळ तिथल्या फरशीवर टिकत नाही. कोठडीचं दार निघालं की पुशर आतला रसरशीत कोक ढकलतो, लाल भिंतच्या भिंत गाडीत कोसळते, गाडी क्वेंचिंग टॉवरखाली जाते आणि पाणी पडताक्षणी वाफेचा पांढरा लोट आभाळात चढतो. लांबून, सेक्टरातल्या गच्चीवरून, तो लोट पाहायला मुलांना फार आवडायचं. आत मात्र कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरायच्या आधीच वाळून जायचा. ड्यूटी संपवून बाहेर यावं, तर मे महिन्यातली भिलाई चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर तापलेली. वाळ्याचे पडदे, कूलर, माठ, खिशात कांदा; घराची सगळी हुशारी उष्णता बाहेर ठेवण्यात खर्च व्हायची.

त्यातून थंडीची एक भूक अंगात साठत गेली. डिसेंबरात भिलाईला दोन-चार आठवडे बरा गारवा पडतो, तेवढ्यात ती भागत नसे. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा बरोबरीच्या लोकांनी रिसालीत, हुडकोत घरं घेतली. काही जण मुलांकडे नागपूर-पुण्याला गेले. आम्ही दोघांनी मैनपाटची वाट धरली. ही म्हणाली, "अहो, एक हिवाळा काढून बघू. जमलं तर राहू." तेवढ्यावर सामान बांधलं.

दुर्गहून रात्री सुटणारी गाडी सकाळी अंबिकापूरला सोडते. तिथून दरिम्याच्या रस्त्यानं घाट चढायचा. सालाचं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं, कानात दडे बसतात, आणि मग एकदम चढ संपतो. समोर डोंगर असायला हवा तिथं सपाट माळ पसरलेला दिसतो. सरगुजा आणि जशपूरकडे अशा उंच सपाट माथ्यांना पाट म्हणतात. मैनपाट समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. 'छत्तीसगडचं सिमला' असा त्याचा बोर्डांवर गवगवा असतो. उल्टा पानी, टायगर पॉइंट, पाय आपटला की हलणारी जलजलीची जमीन पाहून, मोमो खाऊन माणसं संध्याकाळी खाली उतरतात. पठाराची खरी थंडी त्यानंतर सुरू होते.

पहिल्याच फेरीत मला इथला दगड ओळखीचा वाटला. वाटेच्या कडेला लाल, सच्छिद्र, टिकावानं तोडता येईल असा थर उघडा पडलेला होता. माझे वडील रत्नागिरीकडचे. १९५०च्या दशकाअखेरीस ते भिलाईला आले, तेव्हा कारखान्याचा पहिला ब्लास्ट फर्नेस अजून उभा राहत होता. भिलाईत घराचा विषय निघाला की ते जांभ्याच्या भिंतींची आठवण काढत. तो जांभा मला इथं भेटला. पुढं कळलं की यात नवल काही नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्ह्यानं सह्याद्री घडवला, त्याच लाव्ह्याचे पूर्वेकडचे उरलेसुरले तुकडे अमरकंटक आणि मैनपाटच्या माथ्यावर आहेत. वरचा थर युगानुयुगं पावसात झिजून जांभा झाला आणि त्यात बॉक्साइट साठलं. त्याच बॉक्साइटसाठी पठाराचं अंग जागोजाग उकरलेलं आहे. लाल धुळीनं माखलेले ट्रक पाहिले की मला दल्ली-राजहऱ्याची आठवण येते. भिलाईचं लोखंड तिथल्या लाल डोंगरांतून आलं. आम्ही ज्यावर जगलो ते कुठल्या तरी गावाच्या उशालगतचं होतं, हा विचार इथं राहायला लागल्यापासून पिच्छा सोडत नाही.

इथली बरीच जमीन आदिवासींची आहे आणि बाहेरच्याला ती सहजासहजी घेता येत नाही. ते योग्यच आहे. कमलेश्वरपूरपासून आत, एका पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, एका यादव कुटुंबाचं मातीचं घर रिकामं होतं, ते आम्ही भाड्यानं घेतलं. दोन खोल्या, पुढं परछी म्हणजे ओसरी, मागं काटक्यांचं कुंपण घातलेली बाडी म्हणजे परसबाग. शेजारी मांझींची घरं, पलीकडे उरावांची. पाण्याला ढोढी. ढोढी म्हणजे उताराच्या पायथ्याशी झिरपणारा जिवंत झरा; माती ढासळू नये म्हणून त्याच्या चारी बाजूंनी सालाचे ओंडके रचलेले असतात. हात घालून पाणी घेता येतं. जानेवारीत पहाटे तिथं गेलं की पाण्यावर वाफ दिसते. जमिनीखालचं पाणी बाराही महिने जवळपास एकाच तापमानाला असतं, त्यामुळे हवा गोठू लागली की तेच पाणी कोमट लागतं. इथल्या बायका त्या वेळी भांडी तिथंच घासून घेतात, घरी आणलेलं पाणी तासाभरात बोटं बधिर करतं म्हणून. मैनपाटावरून मांड नदी निघते, ती महानदीला मिळते. भिलाईजवळून वाहणारी शिवनाथही महानदीलाच मिळते. नकाशावर हे पाहिलं तेव्हा मला फार आधार वाटला.

थंडीचं गणित तसं सोपं आहे. दर हजार मीटर चढलं की हवा सहा-साडेसहा अंशांनी उतरते. भिलाई समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या उंचीनं पाच-एक अंशांचा फरक पडला. उरलेलं काम मोकळं आभाळ करतं. ढग नसलेल्या रात्री दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब थेट वर सोडून देते, आणि वारा पडलेला असेल तर जड झालेली गार हवा खोलगट भागात येऊन साचते. म्हणून पाला, म्हणजे गोठलेलं दंव, आधी सखल शेतात पडतो. पहाटे अंगणातल्या तणसावर, पळसाच्या पानांवर, सायकलच्या सीटवर पांढरा थर दिसतो. नखानं खरवडला तर बर्फाचा बारीक चुरा हाती येतो. ऊन वर आलं की तो पंधरा मिनिटांत जातो, पण तेवढ्यात उशिरा लावलेल्या बटाट्याची पानं काळी पडलेली असतात. पहिल्या वर्षी हिनं लावलेली टोमॅटोची रोपं एका रात्रीत अशीच गेली. शेजारच्या दाईनं (इथल्या बोलीत दाई म्हणजे आई) ती उपटू दिली नाहीत. वरचं मेलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटेल, माघ उजाडेपर्यंत थांबा, असं म्हणाली. त्यातली काही खरंच फुटली.

दाई मांझी समाजाची, सत्तरीच्या पुढची. गोरसी मी तिच्याकडून शिकलो.

गोरसी हे मातीचं उथळ, रुंद तोंडाचं भांडं. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांत हिवाळ्याचा सगळा भार त्याच्यावर असतो. भिलाईतही जुन्या छत्तीसगडी घरांत बाळंतिणीला आणि बाळाला शेकायला ती असायची, पण ती मी कधी स्वतः पेटवली नव्हती. दाईची रीत अशी. तळाला धानाचा कोंडा दाबून भरायचा. त्यावर गोवरीचे तुकडे उभे रचायचे. चुलीतला सालाचा निखारा मधोमध ठेवायचा आणि गोरसी अंगणात, उघड्यावर ठेवून द्यायची. धूर जाईपर्यंत तिला घरात घ्यायचं नाही. गोवरी आतपर्यंत लाल झाली, की वरून चाळलेली राख बोटभर पसरायची. त्या राखेत सगळं शास्त्र आहे. राख जाड पडली तर विस्तव गुदमरतो, पातळ पडली तर मध्यरात्रीच जळून संपतो. दाई राख पसरते तेव्हा तिच्या तळहाताला खालून किती धग लागते, यावर हात थांबतो. नेमकी बसली तर पहाटे कोंड्यात काडी घालून उकरलं की आत लाल सापडतं, आणि त्या लालावर सकाळची चूल पेटते.

मी कोक ओव्हनमध्ये जन्मभर हेच करत होतो. हवा कमी द्यायची, म्हणजे जळण जळून जात नाही, आतल्या आत तापत राहतं. फरक इतकाच की तिथं डॅम्पर होते, मीटर होते, कंट्रोल रूम होती. आणि तिथं आम्हाला आणखी एक गोष्ट पाठ करून घ्यावी लागे. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. ब्लास्ट फर्नेसमधून निघणाऱ्या गॅसमध्ये तो वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक जोरानं चिकटतो. माणूस झोपेत असेल तर त्याला काही कळायच्या आतच सगळं संपतं. आमच्या खिशाला डिटेक्टर लावलेला असे, गॅसच्या भागात एकट्यानं जायची बंदी असे. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या मी त्याच धास्तीनं वाचत आलो आहे.

त्यामुळे पहिल्या रात्री मी गोरसी खोलीत घेऊ देईना. दाईनं भिंतीकडे बोट दाखवलं. जुन्या मातीच्या घरात भिंत जिथं संपते आणि छप्पर सुरू होतं, त्यांच्या मधे वीतभर फट असते, आणि खपऱ्यांच्या सांध्यांतूनही हवा खेळती राहते. गारठा आत येतो म्हणून ती फट चिंध्यांनी बुजवावी, असं कुणाही नव्या माणसाच्या मनात येईल. ती बुजवायची नाही. तिच्यातूनच घर श्वास घेतं. मातीची भिंत हातभर जाड असते, दिवसा घेतलेलं ऊन रात्री उशिरापर्यंत परत देते, म्हणून फट असूनही आत निभतं. आता पाऱ्यात नवी पक्की घरं होताहेत, सिमेंटचा स्लॅब, घट्ट बसणारी दारं. त्यांत पाऊस गळत नाही, सापविंचवाची भीती कमी, ती हवीतच. पण गोरसी मात्र जुन्याच सवयीनं आत येते. म्हणून मी आता घरोघर सांगत फिरतो: स्लॅबच्या खोलीत गोरसी नको, आणि घेतलीच तर खिडकी उघडी ठेवा, झोपायच्या आधी ती परछीत काढा. नोकरीत शिकलेल्या सगळ्यांतलं इथं कामाला आलेलं हे एवढंच, पण याची मला खरोखर किंमत वाटते. परवा एका घरी खिडकीची काच काढून जाळी बसवली. तिथं नवं बाळ आहे.

हिवाळ्याची तयारी दिवाळीच्याही आधी सुरू होते. पावसाळ्यात वाळवी न लागलेली, जंगलात पडलेली सुकी लाकडं बाया डोक्यावर भारे करून आणतात. कोणतं लाकूड कशाला, हे ठरलेलं असतं. साल जड, निखारा बराच वेळ धरणारं. हलक्या लाकडाची ज्योत मोठी पण टिकाऊ नाही, ते पहाटे पेटवायला. गोवऱ्या भादव्यानंतरच्या कडक उन्हात थापून घ्यायच्या. धान मळून झालं की नवं तणस अंथरुणाखाली घालायला घ्यायचं. गुडघाभर तणसावर जाड गोधडी, वर आणखी एक गोधडी. जुनं तणस बाडीत जातं. ही गोंदियाकडची, धानाच्या मुलखातली, तिला तणसाचं अंथरूण नवं नाही. ती पहिल्या रात्रीपासून गाढ झोपली. मला तणसाची कुजबूज ऐकायची सवय व्हायला वेळ लागला.

या कष्टांत बायकांचा वाटा फार मोठा आहे, तो नजरेआड करून इथल्या जगण्याचं कौतुक करणं मला जमत नाही. पाणी, लाकूड, सारवण, चूल, म्हातारी माणसं, जनावरं. पहाटे चारला निखारा उकरणारा हात बहुतेक घरांत बाईचाच असतो. थंडी सुंदर आहे हे ज्याच्याकडे दोन गोधड्या आहेत त्यानं म्हणावं. एकच असलेली घरंही पाऱ्यात आहेत. त्या घरांतली मुलं शाळेच्या वेळेआधीच अंगणातल्या उन्हाच्या पट्ट्यात येऊन उभी राहतात आणि पट्टा सरकेल तशी सरकतात.

मैनपाटवर माझ्याआधी कितीतरी माणसं परक्या हवेत रुजली आहेत. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी आले. त्यातल्या काहींना १९६२-६३च्या सुमारास सरकारनं या पठारावर जमीन दिली. वसाहतीचं नाव फेंडेलिंग. घरं कँप नंबर एक, कँप नंबर दोन अशा वस्त्यांत वाटलेली आहेत. मठ आहे, वाऱ्यावर फडफडणारी प्रार्थनांची रंगीत निशाणं आहेत. सरकारनं हे पठार निवडलं ते थंड म्हणून. पण साडेतीन-चार हजार मीटरवरून उतरलेल्या माणसाला हजार मीटर ही थंडी नव्हे. कँपातल्या एका वयस्कर बाईंशी, आमा-लांशी, आमची ओळख झाली. त्या लहानपणी आईवडिलांबरोबर इथं आल्या. पहिल्या उन्हाळ्यात त्यांची आई दुपारभर नाल्याच्या पाण्यात पाय सोडून बसायची, लोकरीचा चुबा अंगातून काढायला तयार नसायची आणि रडायची. त्यांना साल माहीत नव्हता, हत्ती माहीत नव्हता, चार महिने कोसळणारा पाऊस माहीत नव्हता. त्यांनी जंगलाशी जुळवून घेतलं, बटाटा लावला, माग लावून गालिचे विणले. हिला हे सगळं ऐकताना राहवेना. तिच्या माहेराजवळ, गोठणगावला, १९७२ पासून तिबेट्यांची नोरग्येलिंग वसाहत आहे. नवेगावबांधच्या त्या मुलखात उन्हाळा कसा असतो हे तिला ठाऊक आहे. लहानपणी तिनं त्या लोकांना मे महिन्यात झाडाखाली बसून मण्यांची माळ ओढताना पाहिलं होतं. ती आमा-लांना म्हणाली, तुमच्या लोकांना आमच्याकडे इथल्याहून जास्त सोसावं लागलं. आमा-लांनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

थंडी ऐन भरात आली की कँपातली तरुण माणसं मात्र इथं नसतात. ती लोकरीचे स्वेटर, शाली, टोप्या घेऊन खालच्या शहरांत जातात. देशभरच्या तिबेटी वसाहतींचं हिवाळ्यातलं हे मोठं उत्पन्न. भिलाईत असताना मी दर वर्षी अशाच एखाद्या दुकानातून स्वेटर घ्यायचो, दोन-तीन आठवडे वापरायचो आणि डांबराच्या गोळ्या घालून ठेवून द्यायचो. आता तेच स्वेटर अंगावर एकावर एक चढतात, आणि ते विकणारी माणसं ज्या घरांत आपली म्हातारी ठेवून जातात, त्या घरांत आम्ही संध्याकाळी डोकावून येतो. लाकूड आहे ना, गोळ्या घेतल्या ना, एवढंच विचारतो. लोण्याचा खारट चहा पुढ्यात येतो. हिला तो आवडतो, मी सवय लावून घेतली आहे.

भिलाईची गोष्टही मुळात अशीच होती. २ फेब्रुवारी १९५५ला सोव्हिएत संघाशी करार झाला आणि बर्फाळ देशातली माणसं आमच्या भट्टीसारख्या उन्हात येऊन राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिला ब्लास्ट फर्नेस सुरू झाला, तेव्हा वडील गर्दीत होते. ते सांगत की रशियन बायका बाजारात टरबुजं दोन्ही हातांनी उराशी धरून नेत. त्यांना आमच्या उन्हाळ्यात काय काय सोसावं लागलं असेल, याचा विचार मी पहिल्यांदा इथं, पाला पडलेल्या एका सकाळी, बोटं काखेत धरून ढोढीकडे जाताना केला.

इथलं अन्नही अंग तापवणारं. टाऊ हे मैनपाटचं खास पीक. उपासाला चालतं ते कुट्टूचं पीठ याच्याच दाण्याचं. पावसाळा सरता सरता पेरतात, आणि दिवाळीच्या आसपास माळच्या माळ पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरतो. जवळच पिवळी जटंगी फुललेली असते. ती म्हणजे आपलं कारळं. टाऊच्या दाण्याला तीन धारा असतात, तो हातात टोचतो. पिठाला चिकटपणा कमी, भाकरी थापताना मोडते. ही थोडा उकडलेला बटाटा मळून घेते, मग नीट होते. तिच्याबरोबर लकड्याची, म्हणजे अंबाडीच्या बोंडांची आंबट चटणी आणि कुळथाचं कढण. कृषी विद्यापीठाचं बटाटा संशोधन केंद्र पठारावर आहे, तिथल्या माणसांकडून हिनं नाशपातीचं एक कलम आणून बाडीत लावलं आहे. त्याला फळ धरायला वेळ आहे. ती त्याच्या भोवती रोज राख टाकते.

हिवाळ्याच्या रात्रींची एक भीती हत्तींची. धान घरात आलं की कळप येतात. मातीच्या भिंतीमागे कणगीत धान आहे, गाडग्यात मोहा आहे, हे त्यांना वासावरून कळतं आणि भिंत खांद्याच्या एका धक्क्यानं आत येते. वन विभागाची गाडी भोंग्यावरून कळप कुठं आहे ते सांगत जाते. मग ज्यांची घरं जंगलाच्या कडेला आहेत ती माणसं पोरंबाळं, गोधड्या, शेळ्या घेऊन शाळेत किंवा अंगणवाडीच्या पक्क्या खोलीत जमतात. एका रात्री आम्हीही गेलो. खोलीत चाळीसेक माणसं, शून्याच्या जवळची थंडी, बाहेर पेटवलेला शेकोटीचा ढीग. दाईनं येताना दुसरं काही आणलं नव्हतं, गोरसी मात्र डोक्यावर घेऊन आली होती. तिच्या शेजारी बसलेल्या बाईचं घर पडलं असण्याची शक्यता होती आणि ती ते जाणून होती. तरी तिनं माझ्या हिला पाठीशी घेऊन आपली गोधडी अर्धी पांघरली. सकाळी कळलं, तिची मागची भिंत गेली. पाऱ्यातल्या माणसांनी दोन दिवसांत माती मळून ती उभी केली. माती तुडवायला मीही होतो. गार चिखलात पाय बधिर होतात, मग हळूहळू मातीच तापायला लागते.

भिंती पाहिल्या की मला याच जिल्ह्यातल्या पुहपुटरा गावच्या सोनाबाई रजवार आठवतात. लग्नानंतर त्यांना वर्षानुवर्षं जवळजवळ एकटीनं, घराच्या आत राहावं लागलं. मुलाला खेळायला काही नाही म्हणून त्यांनी मातीची खेळणी केली, मग भिंतीवर पाखरं, माणसं, झाडं उठवली, बांबूच्या कांबींची वर्तुळं बांधून त्यांवर माती लिंपली आणि ओसरीला जाळ्या केल्या, म्हणजे उजेड गाळून आत येईल. १९८३ मध्ये भोपाळच्या भारत भवनची माणसं त्या घरापर्यंत पोचली आणि पुढं सोनाबाईंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ही तशी जाळी आमच्या परछीला करू पाहते आहे. पांढऱ्या छुही मातीचा हात दिलेल्या दोन कांबी आतापर्यंत उभ्या राहिल्या आहेत.

मुलगी पुण्याहून फोन करते. नेटवर्क आलं तर बोलणं होतं. बाबा, रात्री काही झालं तर, हा तिचा प्रश्न रास्त आहे. मोठं हॉस्पिटल अंबिकापूरला, घाट उतरून. हिचे गुडघे डिसेंबरात सुजतात. माझ्या छातीत कोळशाच्या वर्षांनी ठेवलेला खोकला आहे, तो पहाटे उठतो. आणखी किती हिवाळे इथं जमतील ते आमच्या शरीरांवर आहे, आणि त्याबद्दल आम्ही दोघं मोकळेपणानं बोलतो. पण तिला मी एक सांगतो ते मनापासून. भिलाईत आमच्या घरात ऊन होतं, वीज होती, गॅस होता, आणि शेजारच्या क्वार्टरमध्ये चूल पेटली की नाही हे मला कधी विचारावं लागलं नाही. इथं विस्तव विझला तर दुसऱ्या घरी मागायला जावं लागतं. मागितलेला निखारा खापरीत घालून, वर राख टाकून, वाऱ्याच्या उलट्या बाजूला अंग धरून आणायचा. दुसऱ्या दिवशी कोणीतरी आपल्याकडे येतं. कोणाची चूल कोणाच्या निखाऱ्यानं पेटली याची कुणी नोंद ठेवत नाही, पण माणसं ओळखायला लागतात. भाडेपावतीनं जे झालं नव्हतं ते त्यानं झालं. दाई आता मला माझ्या नावानं हाक मारते, आणि घरात काही चांगलं शिजलं की हिच्यासाठी वाटी बाजूला काढते.

पौष पौर्णिमेला छेरता. खाली भिलाई-रायपूरकडे त्यालाच छेरछेरा म्हणतात. पीक घरात आलेलं असतं आणि पोरं टोळ्या करून दारोदार धान मागतात. कुणी रिकाम्या हाती पाठवत नाही. भिलाईच्या आसपासच्या गावांत पोरं आता पैसेही घेतात. इथं पोरांनी माझ्या हातातल्या नोटेकडे पाहिलंच नाही. जमलेलं धान्य एकत्र करून त्यांना संध्याकाळी नाल्याकाठी स्वयंपाक करायचा असतो, नोटेचा तिथं काय उपयोग? आमच्याकडे धान नव्हतं. ही आतून टाऊचं सूप घेऊन आली आणि हे चालेल का म्हणून विचारलं. पुढच्या पोरीनं दाणे मुठीत घेऊन पाहिले, मागच्यांशी सल्लामसलत केली आणि सांगितलं की चालेल, पण पायली भरून हवं, आणि वर दोन बटाटे. हिनं बटाटे चार दिले. पोरं ओरडत पुढच्या अंगणाकडे पळाली. त्यातलं सगळ्यात धाकटं परत आलं आणि म्हणालं, रात्री जेवायला तुम्हीही या, आपली गोरसी घेऊन या, आमच्याकडे एकच आहे.